आखराला कुलूप

मोहबर्डी,
भाऊबीजेनंतरचा रविवार

प्रिय नयन,

तुझा फराळाचा डबा पोचला. अनारसे छान जाळीदार झालेत, पण ते तुझ्या हातचे नाहीत हे मला पहिल्याच घासाला कळलं. तुझ्या अनारशांवर खसखस कमी आणि करपल्याचे डागच जास्त असायचे, आणि तरी आपण ते कढईजवळ बसूनच संपवायचो. यंदा डबा घेऊन तू आलीही नाहीस. तुमच्या पांढऱ्या गाडीचा ड्रायव्हर दारात उभा राहून म्हणाला, "मॅडमनं पाठोला हाय." कोण मॅडम, म्हणून मी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिले. मग झाकणावर कोरलेलं तुझं नाव दिसलं. लग्नात तुझ्या बाबांनी एकेका भांड्यावर कोरून घेतलेलं, तेच. तेव्हा कुठे ओळख पटली.

डबा रिकामा परत करायचा नसतो, म्हणून अंबाडीच्या फुलांची चटणी करून पाठवते आहे. तुला आवडते तशी, लसूण जास्त घालून. चटणीच्या खाली प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं हे पत्र आहे. हसू नको. एकाच गावात राहून पत्र लिहायची हौस मला नाही. पण तुला फोन केला की कोणीतरी पुरुष उचलतो आणि म्हणतो, "मॅडम मीटिंगमंधी हायेत, काम सांगा." मला काम नसतं गं, मला तुझ्याशी बोलायचं असतं. घरी येऊन पाहिलं, तर बाहेरच्या टिनाच्या शेडमध्ये मला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. थोड्या वेळाने तुझे यजमान, पंजाबराव भाऊजी, आले. हात जोडले, चहा मागवला आणि म्हणाले, "वहिनी, काय काम होतं ते मले सांगा ना. मीच पाहतो सगळं." हेच तर दुखणं आहे, ते सगळं तेच पाहतात. पण स्वयंपाकघरातल्या चटणीचं झाकण काही ते उघडून पाहणार नाहीत, एवढा मला भरवसा आहे. जन्मात कधी पाण्याचा पेला हाताने घेतला नाही त्यांनी.

आधीच सांगून टाकते, म्हणजे तुला शेवटपर्यंत ताटकळायला नको. हे पत्र आखराबद्दल आहे, गावची गुरं रोज सकाळी जिथे गोळा होतात त्या आपल्या जागेबद्दल. अर्ध्या आखराचा बगिचा करून झाला, आणि आता उरलेल्या अर्ध्यावर व्यापारी गाळे काढायचं ठरलंय असं ऐकते. निवडणूक आटोपली की पहिल्याच सभेत ठराव होणार, आणि तो ठराव नगराध्यक्ष म्हणून तुझ्या सहीने होणार. एवढी जागाही गेली, तर गावात ढोर ठेवायची सोय संपली. मला याचा राग आलाय. राग लपवून गोड लिहिणं मला जमत नाही. वाचताना एखादं वाक्य फार तिखट लागलं, तर चटणीचा दोष समज.

तुला आठवतं का, आपण दोघी एकाच उन्हाळ्यात या गावात सुना म्हणून आलो. तुझ्या वडिलांनी तुला आंदण म्हणून चांदी गाय दिली होती. तुझी सासू म्हणाली होती, "पोरीपेक्षा गायच देखणी दिली." तू घरी रडली नाहीस, सकाळी आखरावर येऊन रडलीस. आपली ओळख तिथेच झाली. मी माझ्या सासूची म्हैस घेऊन आले होते, तू चांदीचा कासरा धरून उभी होतीस, आणि धावजी ढोरकी दुरून हाळी देत येत होता. त्याच्या हाळीसरशी घराघरांतून गुरं आपणहून निघायची आणि आखरावर येऊन उभी राहायची. तो सगळा कळप घेऊन रानाकडे गेला की मागे बायका राहायच्या, शेण गोळा करायला. गोळा व्हायला लागायचं थोडं आणि बोलणं चालायचं फार. कोणाची सून कशी, कोणाच्या नवऱ्याने काय दिवे लावले, कुठल्या विहिरीला पाणी आलं, कोणाच्या पोरीला स्थळ आलं. ग्रामसभा पुरुषांची असेल, पण बायकांची सभा रोज सकाळी आखरावर भरायची आणि तिला कोरम कधी कमी पडला नाही.

आता ग्रामसभेचं नाव निघालंच आहे, तर ती शेवटची ग्रामसभा आठव. मारुतीच्या पाराजवळ सगळा गाव गोळा झाला होता. सरकारने म्हणे तालुक्याच्या गावांच्या नगरपंचायती करायच्या ठरवल्या. भाऊजी तेव्हा नुसते पंजाबराव होते, पायात स्लीपर असायची, आणि माइक त्यांच्याच हातात होता. म्हणाले, आता आपलं गाव शहर होणार, घराघरात नळ येणार, रस्ते होतील, आपल्या लेकींना सोयरीक करताना खेड्यातली पोरगी म्हणून कोणी नाक मुरडणार नाही. ज्याले शहर पाह्यजे त्यानं हात वर करा. बायका एकमेकींकडे पाहत होत्या. मला काही समजलं नव्हतं आणि मी तसं तुझ्या कानात म्हटलंही. तू म्हणालीस, "इंदे, नळ येऊन राह्यला तं नाही कायले म्हनतं?" आणि माझा हात मनगटाला धरून वर केलास. सगळ्या बायकांचे हात वर गेले. गुलाल उधळला, डफडं वाजलं, मथुराबाई तर नाचली. आपल्याला कोणी सांगितलं नाही की शहरात ग्रामसभा नसते. ज्या सभेत बाईला हात वर करता येत होता, ती सभा आपण हात वर करूनच मोडली. एवढा शहाणपणा दुसऱ्या कुठल्या गावाने केला असेल असं वाटत नाही.

आणि पुढे काय झालं, ते तुला माहीत नाही असं मी मानत नाही. पण तुला ते आता काचेच्या आतून दिसतं, म्हणून सांगते. दुसऱ्याच उन्हाळ्यात रोजगार हमीचं काम बंद झालं. मी तेव्हा मेट होते, दहावी पास म्हणून हजेरी माझ्याकडे असायची. आधी मला वाटलं की यंदा उशीर झाला असेल. तहसीलमध्ये गेले तर तिथला माणूस म्हणाला, "ताई, तुम्ही आता शहरात राहता. रोजगार हमी खेड्यासाठी असते." मी खिडकीतून बाहेर पाहिलं. समोर तीच धूळ, तीच कुडाची घरं, तोच बंद पडलेला हापसा. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असली ही आपली शहरपणाची गत. शेतावरची कामं संपली की उन्हाळ्यात चूल कशावर पेटवायची, हे शहर करताना कोणाच्या डोक्यात आलं नाही, कारण ज्यांनी केलं त्यांच्या घरी गॅस होता.

मथुराबाईने काय केलं, ते तर तुझ्या कानावर आलंच नसेल. तिचं माहेर राळेगावकडे एका लहान खेड्यात आहे. तिथे अजून ग्रामपंचायत आहे, म्हणजे रोजगार हमी आहे. तिने इथल्या रेशनकार्डातून नाव काढलं आणि भाच्याच्या घरी लावलं. केस पांढरे झाल्यावर, नवरा जाऊन इतकी वर्षं झाल्यावर ही बाई कागदोपत्री माहेरी नांदायला गेली. काम निघालं की एसटीने जाते, माती उपसते, भाचसुनेच्या ओसरीत झोपते आणि काम संपलं की परत येते. मला म्हणाली, "इंदे, लगन झाल्यावर माहेरपन चार दिवसाचं भेटे. आता सरकारनं जनमभराचं देल्लं." हसत म्हणाली ती. मला नाही हसू आलं. तिचं तिथे नाव लागलं म्हणून इथल्या मतदारयादीतूनही गेलं. ज्या गावात तिने हयात काढली, त्या गावाला ती आता पाहुणी आहे.

बाकीच्या आम्ही काय करतो? सकाळी उठून चौकात उभ्या राहतो. एक मॅजिक गाडी येते, तीत एकीच्या मांडीवर दुसरी बसते, आणि आम्ही कापूस वेचायला आजूबाजूच्या खेड्यांत जातो. जगात खेड्यातली माणसं कामाला शहरात जातात. मोहबर्डी हे एकच शहर असेल, जिथली माणसं पोटासाठी खेड्यात जातात. पोरं यवतमाळच्या गाडीला लोंबकळून लोहाऱ्याकडे कारखान्यांच्या फाटकावर जातात, काम मिळालं तर ठीक, नाही तर संध्याकाळच्या गाडीने परत. आणि घरपट्टी मात्र शहराची. माझ्या गोठ्यालाही घरपट्टी लागली आहे, नयन. गाय काही भाडं देत नाही मला.

मग शहर झाल्याचा फायदा कोणालाच झाला नाही का? झाला की. गावाभोवतीच्या शेतांत चुन्याच्या रेघा पडल्या. काल जिथे तूर होती, तिथे आज 'ले-आउट'चा बोर्ड. भाऊजींनी ज्या भावाने वावर घेतलं आणि ज्या भावाने प्लॉट विकले, तो हिशेब मी करत बसत नाही, त्यांचं नशीब आणि त्यांची अक्कल. मला एवढंच दिसतं की शहराच्या नावाने जो पैसा येतो तो सिमेंटला येतो, माणसाला येत नाही. चौकात उंच खांबावरचा दिवा आला, त्याच्या उजेडात बायका रिकाम्या घागरी घेऊन टँकरची वाट पाहतात. भिंतींवर स्वच्छतेची चित्रं आली. आणि आखरावर बगिचा आला. बगिचा आखरावरच का, हे कोणी विचारलं नाही, पण आखराच्या मागे कोणाचं ले-आउट आहे हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. शेणाच्या वासाजवळ प्लॉट कोण घेईल? बगिच्यासमोरचा मात्र लगेच जातो. यालाच आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात.

उद्घाटनाला मी आले होते. तुझी ती जांभळी साडी तुला फार खुलून दिसत होती, हे तेव्हा सांगायचं राहिलं. फीत तुझ्या हातात आणि कात्री भाऊजींच्या हातात होती. तो सेल्फी पॉइंट, ती मोठाली इंग्रजी अक्षरं, मधोमध लाल बदाम, म्हणजे या गावावर आमचं प्रेम आहे असं. माझा मुलगा वाचून दाखवत होता. मी म्हटलं, प्रेम आहे हे अक्षरांत लिहून लोखंडाने ठोकून ठेवावं लागतं, तिथे काहीतरी गडबड असते. सगळे हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र कोणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धावजीने नेहमीसारखी हाळी दिली. गुरांना कुठे ठाऊक की गावाचं नगर झालं? ती निघाली आणि आपल्या पायवाटेने थेट बगिच्याच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. फाटकाला कुलूप होतं. गुरं ढकलाढकल करत नव्हती, ओरडत नव्हती, नुसती उभी होती. त्यांच्या पायांना ती जागा माहीत होती आणि ती जागा आत होती. धावजीने त्यांना बाजूच्या उरलेल्या तुकड्यावर नेलं, पण तिथे सगळी मावत नव्हती, अर्धी रस्त्यावर. रोज हेच होऊ लागलं. एक दिवस कोणाची तरी गाय आत घुसली आणि त्या लाल बदामाला अंग घासत उभी राहिली. खाजवायला बरा आहे बदाम, तेवढाच त्याचा उपयोग. पण त्याचा फोटो मोबाइलवर फिरला, गावाची शोभा गेली म्हणे, आणि नगरपंचायतीने मोकाट जनावरं पकडायची गाडी सुरू केली. मोकाट! ज्या गुरांना घर आहे, मालकीण आहे, राखणदार आहे, आणि घरातून निघून कुठे जायचं हे ज्यांना माणसांपेक्षा चांगलं कळतं, ती मोकाट झाली. जागा आपली मोकाट सुटली आणि नाव गुरांचं झालं.

आता मी जे सांगते ते नीट ऐक. पकडलेल्यांत माझीही गाय होती. तू मला चांदी कधी दिलीस ते आठवतं ना? तुमचं नवीन घर बांधून झालं, टाइल्स लागल्या, आणि भाऊजी म्हणाले की अंगणात शेण नको. तू चांदीला विकू दिलं नाहीस. स्वतः कासरा धरून माझ्या दारात आणलीस आणि म्हणालीस, "माह्या माहेरचं दुसरं काही उरलं नाही, इंदे. इले सांभाळ." मी सांभाळली. ती गेली तेव्हा तुला निरोप पाठवला होता, तू आली होतीस, तेव्हा येत होतीस. तिच्या कालवडीची ही कालवड. तशीच पांढरी, डाव्या डोळ्यावर तसाच तांबडा ठिपका. तुझ्या वडिलांनी दिलेलं आंदण तुझ्याच कोंडवाड्यात, पाण्याविना, दिवसभर बांधलेलं होतं, नयन. सोडवायला गेले तर तिथला माणूस म्हणाला, "दंड भरा, नायतं मॅडमची चिठ्ठी आना." मी दंड भरला. ज्या गायीचा कासरा तू माझ्या हातात दिलास, तिच्यासाठी तुझी चिठ्ठी मागायची लाज मला वाटली. तुला हे कोणी सांगितलं नसेल. पण तुला सांगितलं जात नाही आणि तू विचारत नाहीस, या दोन गोष्टींत आता मला फरक करता येत नाही.

त्यानंतर घराघरांतून गुरं निघू लागली. बेबीताईने दोन म्हशी विकल्या. परीटबाईने शेळ्या विकल्या. रोज पकडली जाण्याच्या धास्तीने ढोर कोण पाळेल? ज्यांच्याकडे वावर आहे ते शेतात बांधतील. ज्यांच्याकडे वावर नाही, त्यांचं दूध गेलं. आमच्याकडे वावर किती, तुला माहीत आहे. रोजगार हमी गेल्यापासून माझं घर त्या गायीवर आणि दोन म्हशींवर चाललं आहे. आखर पूर्ण गेला की मलाही दावं रिकामं करावं लागेल. चांदीचं बियाणं या गावातून संपेल. मी का चिडले आहे ते आता तुला कळलं असेल.

मग पोळा आला. आपल्याकडे तोरण आखरावरच लागायचं, आजे-पणज्यांपासून. यंदा फाटक उघडायला मुख्याधिकारी साहेबांची परवानगी लागेल असं सांगितलं, आणि परवानगी आली नाही, फरशी खराब होईल म्हणून. बैलं डांबरी रस्त्यावर उभी केली. चटके बसत होते बिचाऱ्यांना, झुली घातलेली बैलं एकेक पाय उचलत होती. तोरण दोन विजेच्या खांबांना बांधलं. स्टेजवर भाऊजी, साहेब आणि तू. म्हातारी माणसं नेहमीसारख्या झडत्या, त्या पोळ्याच्या टोमण्यांच्या ओळी, म्हणायला लागली. पण सगळ्या जुन्या, बेताच्या, कोणाला न लागणाऱ्या. स्टेज समोर असलं की झडतीची धार जाते. आमचे हे गर्दीत उभे होते, मी त्यांना म्हटलं तुम्ही म्हणा. हे म्हणाले, "मले नाही जमत ते." मग माझ्या तोंडातूनच निघाली. बाईने झडती म्हणायची आपल्याकडे रीत नाही, पण बैलांनी डांबरावर उभं राहायचीही रीत नव्हती.

"गावाचं झालं नगर, नगराले आलं रूप,
आखराच्या दाराले लावलं मोठं कुलूप.
नळाले नाही थेंब, बगिच्यात फवारा,
ढोरं उभी रस्त्यावर, त्याइले कोनी इचारा.
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव."

सगळा रस्ता 'महादेव' म्हणून गरजला. भाऊजींच्या कपाळावर आठी चढली, साहेब मोबाइलमध्ये पाहू लागले. आणि तू हसलीस. पदर तोंडावर घेऊन, खांदे हलेपर्यंत हसलीस. आखरावर शेण गोळा करताना हसायचीस ना, अगदी तशी. भाऊजींनी नाही पाहिलं, मी पाहिलं. त्या हसण्यानेच मला हे पत्र लिहायचं बळ दिलं. नाही तर मी कधीच आशा सोडली होती.

मी शहराच्या विरोधात आहे असं समजू नको. मलाही नळ हवा आहे. माझ्या सुनेला दवाखान्यासाठी यवतमाळला पळावं लागू नये असं मलाही वाटतं. बगिच्यात संध्याकाळी म्हातारी माणसं बसतात ते मलाही बरं दिसतं. पण आपलं गाव ना धड गाव राहिलं ना शहर झालं. गावाचं जे चांगलं होतं ते काढून घेतलं, शहराचं जे महाग होतं ते लादलं. शहर करायचं तर आधी ज्यांची जागा घेता त्यांना विचारा. तू कधीतरी खुर्चीवरून उठून "थांबा, मी आखरावर शेण गोळा केलंय, मले विचारा" असं म्हणशील, म्हणून मागच्या खेपेला आम्ही बायकांनी तुला मत दिलं होतं. जागा बाईची होती आणि बाई आपली होती. घरोघरी तुझ्या नावाने मीच फिरले. आम्ही मत दिलं नयनला आणि कारभार मिळाला पंजाबरावांचा. सभेत तू शेवटचं कधी बोललीस ते मी चार नगरसेवकांना विचारलं. कोणालाच आठवेना. माझ्याशी बोलताना तुझी जीभ दम घेत नव्हती गं. ती कुठे ठेवून आलीस?

आता चटणी संपत आली असेल, तर कामाचं सांगते. बाजाराच्या दिवशी कोणी तुला तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगावं, म्हणून हे सगळं लिहिलं. परवा मी अर्ज भरला आहे. आपल्याच प्रभागातून, तुझ्यासमोर. कोणत्या पक्षाचं तिकीट नाही, बायकांनी भरायला लावला. गाळ्यांचा ठराव येईल तेव्हा त्या सभेत विरोध करणारी एक तरी बाई बसलेली असावी, एवढंच आमचं मागणं आहे. चिन्ह मी गाय मागणार होते, पण ते यादीत नाही म्हणे. तुझ्याविरुद्ध मी एकही वाईट शब्द बोलणार नाही, भाऊजींविरुद्ध मात्र बोलेन, ते तू मनावर घेऊ नको. आणि आता सगळ्यात अवघड. मी प्रभागातल्या प्रत्येक घरी मत मागायला जाते आहे. तुझ्या घरात मला शेडच्या पुढे येऊ देणार नाहीत, म्हणून तुझं मत इथेच मागते. होय, तुझंच. मतदानाच्या दिवशी भाऊजी तुला गाडीतून केंद्रापर्यंत आणतील, दारापर्यंत येतील, पण पुठ्ठ्याच्या आडोशाआड तू एकटीच असशील. तिथे काय केलंस ते त्यांना कधी कळणार नाही, आणि मीही विचारणार नाही. त्या ग्रामसभेत माझा हात तू धरून वर केला होतास. आत मात्र तुझा हात धरायला कोणी नसेल. चटणी खाऊन झाली की डबा धुऊन पाठव, ड्रायव्हरबरोबर पाठवलास तरी चालेल. आपल्याकडची रीत मात्र विसरू नको, तो रिकामा पाठवू नको.

जिंकले तरी आणि पडले तरी तुझीच,
इंदी